गोड्या पाण्याची साक्ष

१

"जेवणात कुणीतरी काहीतरी कालवलंय," मॅनेजर खातू डायनिंग हॉलच्या मधोमध उभे राहून म्हणाले, "आणि ते कोण, हे सांगायला मला ज्योतिषी नको."

दुपारचे तीन वाजले होते. खिडक्यांच्या पलीकडे अख्खा समुद्र पसरला होता आणि त्याच्याकडे कुणीही बघत नव्हतं. रिसॉर्टवर आम्ही एकवीस पाहुणे होतो. त्यातले अकरा जण जेवल्यापासून खोली आणि संडास एवढाच प्रवास करत होते. वरणातली तूरडाळ दाताखाली खड्यासारखी लागली होती. सोलकढी दोन घोटांतच लोकांनी बाजूला सारली होती. सकाळी चहासुद्धा दोनदा फाटला होता.

खातूंचं बोट ज्या बाईकडे होतं तिचं नाव शकुन. सात वर्षं तीच इथलं स्वयंपाकघर सांभाळत होती. वय चाळिशीचं, नाक सर्दीने लाल झालेलं, पदर कमरेला खोचलेला.

"मी काही घातलं नाही हो," ती म्हणाली.

"काल मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी सुट्टी मागितलीस. मी नाही म्हटलं. तू भांडी आपटलीस. सगळ्यांनी ऐकलं. आणि आज हे! हाताखालचे दोघं लग्नाला गेलेत. सकाळपासून स्वयंपाकघरात तू एकटी. सहाला मालक येतायत. त्यांच्यासमोर तुझा हिशोब होईल आणि आज रात्रीच्या आत मागची खोली रिकामी करायची. पोलिसांचं ते बघतील."

शकुन खुर्चीवर बसली. मागच्या त्या खोलीत ती आणि तिची मुलगी राहायच्या. नोकरी गेली तर छप्परही जाणार होतं. आणि अन्नात कालवणारी बाई म्हणून नाव झालं की पुढे तिला कुणी साधा चहा करायलाही ठेवणार नव्हतं.

आमच्या टेबलावर कुणीतरी घसा खाकरला. ती माझी आत्या होती.

"भाऊ, त्या बाईनं काई नाई केलं."

खातू वळले. त्यांनी आम्हा तिघांना नीट निरखून पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बरं आठवण केलीत. या हॉलमध्ये एकच टेबल असं आहे जिथे तिघांनीही वरण ओरपलं, सोलकढी दोनदा मागितली आणि एकालाही काही झालं नाही. आणि बाई, सकाळी तुम्ही स्वयंपाकघरात काय करत होता?"

२

आधी आम्ही कोण ते सांगतो, नाहीतर तुम्हीही आमच्यावर संशय घ्याल.

मी सुगत. अकोल्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. सोबत माझे वडील किसनराव आणि त्यांची थोरली बहीण चतुराबाई. दोघं राहतात दर्यापूरकडच्या आमच्या गावी. आत्याने बावीस वर्षं गावच्या शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवली. दोनशे पोरांची खिचडी, रोज. या वर्षी ती त्यातून मोकळी झाली आणि म्हणाली, "मले एकडाव समुद्र दाखव. मंग मी काई मांगत नाई."

म्हणून मेच्या सुट्टीत तीन दिवसांसाठी हे कोकणातलं रिसॉर्ट. तीन दिवस राहणं, जेवण त्यांचं, समुद्र फुकट.

आदल्या दिवशी दुपारी आम्ही पोचलो तेव्हा बाबा आणि आत्या वाळूत उभे राहिले ते हललेच नाहीत. बाबांनी टोपी काढून हातात घेतली. मी त्यांना देवळातही असं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. आत्या म्हणाली, "बाप्पा! येवढं पानी!" मग गुडघाभर आत गेली, ओंजळ भरून तोंडात घेतली आणि थुंकून टाकली. "आन् एकही घोट कामाचा नाई."

मला हसू आलं. पण माझ्याही अंगावर काटा आला होता, ते खोटं कशाला सांगू?

त्या दिवशीचं जेवण साऱ्या हॉलने वाखाणलं आणि आमच्या टेबलाला अजिबात रुचलं नाही. वरण सपक, भात सपक. आत्याने पिशवीतून जवसाची चटणी काढली, बाबांनी ठेचा काढला, आणि शेजारच्या टेबलावरचे पुण्याचे एक निवृत्त इंजिनियर आमच्याकडे असे बघायला लागले की मला माझं ताट पडद्यामागे न्यावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा सहाच्या आधीच समुद्र बघायला गेले. परत आले ते या सहलीसाठी घेतलेल्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीवर तांबडा पट्टा घेऊन. "कुठी लोळून आला रे किसना?" म्हणून आत्याने त्यांना फैलावर घेतलं. बाबा नुसते हसले. त्यानंतर आत्या हात रिकामे राहवेनात म्हणून स्वयंपाकघरात गेली आणि शकुनला लसूण सोलून देत तासभर गप्पा मारून आली. आणि दुपारच्या जेवणात आम्ही चटणीची पिशवी उघडलीही नाही. आज जेवण कसं चवदार झालं म्हणून आत्या खूश होती.

एवढाच आमचा गुन्हा. तो खातूंना सांगितला तर ते म्हणाले, "हे सगळं मालकांना सांगा."

आत्या उठली. "सहा वाजेलोक टाइम हाय ना? मले तुमच्या स्वयंपाकघरात जाऊ द्या. सुगत, तू बी चाल. तू सायन्सवाला हायस, तुले समजन."

मी तिच्या मागे निघालो. सायन्सवाल्याला तोवर काहीही समजलं नव्हतं.

३

स्वयंपाकघर लख्ख होतं. आत्याने पहिल्यांदा कुकर उघडला. उरलेल्या वरणातली डाळ बोटांत चिरडून पाहिली. दाणा चपटला, फुटला नाही.

"किती शिट्ट्या देल्या व पोरी?"

"आठ. मग परत सहा. तरी शिजेना," शकुन म्हणाली. "काल याच पोत्यातली डाळ चार शिट्ट्यांत लोणी झाली होती."

"चाय?"

"सातला पहिला फाटला. मला वाटलं दूध नासलं. दुसरी पिशवी फोडली, तोही फाटला. तिसऱ्या खेपेला नुसतं दूध उकळलं, त्यात पाणीच घातलं नाही. तो टिकला."

"तळलेली सुरमई?"

"तिला काय होणार? ती संपली सगळी."

"तुले सोताले काई चव नाई लागली?"

शकुनने नाक पुसलं. "मला काल रात्रीपासून कशाचीच चव नाही. मीठसुद्धा मोजून घातलं. म्हणून तर..." ती थांबली. आत्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

हे अर्धं वाक्य माझ्या लक्षात राहिलं. आत्याच्या कसं राहिलं नाही, याचं मला तेव्हा नवल वाटलं.

मग इंजिनियरसाहेब. ते खोलीच्या ओट्यावर ओला रुमाल कपाळावर ठेवून पडले होते. तरीही तक्रार मात्र मुद्देसूद केली. "वरण खारट. सोलकढी खारट आणि मागून कडवट. भात खाल्ला तो घशात चिकटला. बाटलीतलं पाणी मात्र चांगलं. सीलबंद होतं, मी स्वतः फोडलं."

"सकाऊन हॉलातल्या नळावर हात धुतले तवा साबन फेसाळला का?" आत्याने विचारलं.

त्यांनी रुमाल काढला. "नाही. विचित्र आहे, पण नाही. मला वाटलं साबण स्वस्तातला असेल."

माझ्या डोक्यात आता कुठे दिवा लागला. तळलेलं चांगलं, बाटलीतलं चांगलं. जिथे जिथे स्वयंपाकघराचं पाणी गेलं तेवढंच बिघडलं. मी विजयी मुद्रेने खातूंना गाठलं आणि म्हणालो, "तुमचं पाणी खारं आहे."

खातूंनी स्वयंपाकघरातला नळ सोडला, ग्लास भरला आणि माझ्यासमोर गटागट प्यायले. "हे मी दोन वाजताच करून पाहिलंय, मास्तर. गोडं आहे. सगळ्या स्टाफने पिऊन पाहिलंय."

इंजिनियरसाहेबांना बोलावून आणलं. त्यांनी एक घोट घेतला, मग दुसरा. "उत्तम पाणी आहे," ते म्हणाले.

चार वाजून गेले होते. शकुनची मुलगी मागच्या खोलीतून कपड्यांचं बोचकं बाहेर आणून ठेवत होती.

४

आत्या मोरीपाशी उकिडवी बसली होती. तिथे झाकण घातलेलं एक स्टीलचं पिंप होतं.

"हे कवा भरलं?"

"सकाळी साडेसहाला," शकुन म्हणाली. "भांड्यांना लागतं. पण आज ताटं धुवायची वेळच आली नाही. एवढा गोंधळ झाला."

आत्याने पिंपातलं पाणी वाटीत घेतलं आणि मला दिलं. "चाख."

मी चाखलं. ठीक होतं. चांगलंच होतं. तसं सांगितलं.

"म्या बी चाखलं. मले बी चांगलं लागलं," आत्या म्हणाली. तिचा आवाज जरासा बदलला होता. तिने वाटी इंजिनियरसाहेबांपुढे धरली.

त्यांनी घोट घेतला आणि तिथेच मोरीत थुंकला. "अहो, हे काय प्यायला देता! हे तर समुद्राचंच भावंड आहे!"

मी पुन्हा चाखलं. मला काही केल्या ते खारट लागेना. सायन्स शिकवणारा माणूस मी. खारपाणपट्टा म्हणजे काय, त्याच्या बोअरच्या पाण्यात किती क्षार, हे दरवर्षी फळ्यावर लिहितो. पूर्णा नदीच्या त्या पट्ट्यात माझं बालपण गेलं. पण त्या पाण्याने माझी जीभच घडवली आहे, हे मला चाळिशीला टेकल्यावर एका परक्या मोरीजवळ कळलं. काल सगळ्यांना आवडलेलं वरण आम्हाला सपक का लागलं आणि आज सगळ्यांना बिघडलेलं आम्हाला चवदार का लागलं आणि त्या पाण्याला सरावलेली आमची पोटं का बिघडली नाहीत, तेही त्याच क्षणी उलगडलं.

आत्याने ते कधीच ओळखलं होतं. बावीस वर्षं तिने त्याच पाण्यात डाळ शिजवली होती. ती न शिजलेल्या डाळीवरून, फाटलेल्या चहावरून आणि न फेसाळलेल्या साबणावरून पाणी ओळखत होती, कारण जिभेवरून ते तिला ओळखताच येत नव्हतं. मी तिच्याकडे बघतच राहिलो. काल समुद्रासमोर वाटलं होतं तेच मला तिच्यासमोर वाटलं.

पण तिचा चेहरा उतरला होता. ती शकुनजवळ गेली.

"पोरी, तू मघा 'म्हणून तर' म्हनून थांबली. मी सांगू पुढचं?"

"राहू द्या हो, आत्याबाई."

"नाई राहू देत." आत्या माझ्याकडे वळली. "सकाऊन ह्या पोरीले शंका आली होती. चाय फाटला तवा तिनं मले ग्लास देला. म्हने, मले सर्दी हाय, पानी बरं हाय का ते तुमी सांगा. अन् म्या पूरा ग्लास पेऊन सांगितलं, गोड हाय म्हनून, काई भेऊ नको. तिनं माह्यावर इस्वास ठेवला. ह्या अकरा मानसायचं पोट म्या बिघडवलं, सुगत."

५

"पण पाणी बदललं कुणी?" खातूंनी विचारलं. आता त्यांचा आवाज बराच खाली आला होता.

पाण्याची व्यवस्था त्यांनीच दाखवली. स्वयंपाकघरामागे दोन टाक्या. एक गोड्या पाण्याची, टँकरने भरायची; ती फक्त स्वयंपाकघरासाठी आणि हॉलमधल्या नळासाठी. दुसरी बोअरची, खारी. ती आंघोळीला आणि बागेला. दोन्ही पाइप जिथे जुळतात तिथे एक लोखंडी दांडा. डावीकडे केला की स्वयंपाकघरात गोडं जातं, उजवीकडे केला की खारं. टँकर संपला तर अडचण नको म्हणून केलेली सोय.

खातूंनी टँकरवाल्याला फोन लावला आणि मोबाइल सगळ्यांना ऐकू येईल असा धरला. तो म्हणाला, "सकाळी सहाला टाकी भरली तेव्हा दांडा गोड्याकडेच होता. टाकी भरून वाहायला लागली तसा मी भिंतीपलीकडे गाडीजवळ जाऊन पंप बंद केला नि तसाच निघालो. दुपारी साडेबाराला परत आलो तर दांडा खाऱ्याकडे! मी आपला परत फिरवला. टाकी भरलेलीच होती, तसाच निघालो. मला वाटलं, तुमच्यातच कुणीतरी केलं असेल."

म्हणजे दोन वाजता खातूंनी चाखलं ते पुन्हा गोडं झालेलं पाणी होतं. पुरावा टँकरवाल्यानेच न कळता पुसला होता.

"मग हिनेच दांडा फिरवला असणार," खातू शकुनकडे बघत म्हणाले, पण पूर्वीच्या जोराने नव्हे.

"जो मुद्दाम खारं पानी सोडते, तो पानी बरं हाय का म्हनून लोकायले इचारत नाई," आत्या म्हणाली. तिने दांड्यावरून बोट फिरवलं. बोट तांबडं झालं. गंज. ती त्या बोटाकडे बघत राहिली.

मीही पाहिलं. तसाच तांबडा पट्टा सकाळी बाबांच्या बाहीवर होता.

आत्याने मला बाजूला घेतलं. मीच आधी बोललो, आणि ते बोलल्याची मला अजून लाज वाटते. "आत्या, टँकरवाल्यावर ढकलू ना. त्याचीच चूक धरतीन लोकं. शकुनताई बी सुटन, बाबा बी."

"अन् त्याचं टँकर गेलं तं? त्याले बी घर असन का नाई?" ती म्हणाली. "चाल तुह्या बापाकडे."

बाबा वाळूवर बसले होते. आत्याने काही आढेवेढे घेतले नाहीत. "किसना, सकाऊन तो टाकीजवळचा दांडा तू फिरवला?"

"व्हय," बाबा म्हणाले, अगदी सहज. "टाकीतून पानी वाहून राह्यलं होतं. मोठी धार. म्या ओंजळीत घेऊन पाह्यलं, तं समुद्रावानी नव्हतं, पेयाचं होतं. पेयाचं पानी असं मातीत! कोनी नव्हतं तथी. म्या दांडा फिरवला तं बंद झालं. काहून, काय झालं?"

धार बंद झाली होती ती पलीकडे पंप बंद झाला म्हणून. बाबांना वाटलं, आपण केली. आणि दिवसभर ते त्या आनंदात होते. कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही. वाहता नळ बंद केला हे कुणी कुणाला सांगतं का?

मी त्यांना दोष देऊ शकलो नाही. माझी आई किडनी निकामी होऊन गेली ती वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी. डॉक्टर म्हणाले, पाण्यामुळे असेल, नसेलही. तेव्हापासून बाबांच्या डोळ्यांदेखत पिण्याचं पाणी सांडलेलं त्यांना चालत नाही. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ते उठून नळ बंद करतात.

सगळं ऐकल्यावर बाबा उठले. सदऱ्याच्या बाहीकडे पाहिलं. "तं त्या बाईची नवकरी माह्यापायी चालली?" ते म्हणाले आणि आमची वाट न बघता हॉलकडे चालू लागले.

६

सहाला मालक आले. शांत, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ. हॉलमध्ये पाहुणे जमले होते, ज्यांना उठता येत होतं ते सगळे. बाबांनी आधी आपलं सांगितलं, मग आत्याने आपलं. दोघंही उभी होती. मी बसा म्हटलं तरी बसली नाहीत.

मालकांनी सगळं ऐकून घेतलं. "दांड्याचं मी समजू शकतो, काका," ते म्हणाले. "पण हे पाणी पिऊन कुणी गोड म्हणेल, हे मला पटत नाही. माफ करा. तुम्ही या बाईंना वाचवण्यासाठी बोलताय असं मला वाटतं. तुमचं मन मोठं आहे. पण अकरा माणसं आजारी पडलीत, मला खरं कळायला हवं."

शकुनच्या मुलीने आईचा हात धरला.

मी दोन सारखे ग्लास मागितले. निदान हे तरी सायन्सवाल्याचं काम होतं. एकात नळाचं पाणी भरलं, दुसऱ्यात पिंपातलं, आणि आत्याला नि बाबांना पाठमोरं उभं करून ग्लासांची जागा बदलली. ते दोघं तसेच पाठमोरे असताना मालकांना दोन्ही चाखायला दिले. पहिल्याला त्यांनी मान डोलावली. दुसऱ्याला त्यांचा चेहरा वाकडा झाला आणि ते रुमाल शोधायला लागले.

"आता तू पे, आत्या. गोड कोनतं ते सांग."

आत्याने पहिला ग्लास घेतला. घोट तोंडात फिरवला. दुसरा घेतला, त्याचा मोठा घोट घेतला, परत पहिला घेतला. तिला खरंच ओळखायचं होतं. इतके लोक बघत होते, एका बाईचं घर तिच्या जिभेवर होतं, आणि ती शाळेतल्या पोरीसारखी घाबरली होती. शेवटी तिने दुसऱ्या ग्लासवर बोट ठेवलं.

"हे गोड. त्याच्यात काई चव नाई."

मालकांनी ज्याच्यासाठी रुमाल काढला होता तोच तो ग्लास होता. बाबांनाही दिले. बाबांनीही तोच दाखवला.

इंजिनियरसाहेब भिंतीला धरून उठले. "किती वर्षं पिताय हे?"

"जलमापासून," आत्या म्हणाली. "तिकडे सारेच पेतात."

मालकांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. मग ते शकुनकडे वळले आणि म्हणाले, "माझं चुकलं. उद्यापासून नेहमीसारखं. आणि मुलीच्या प्रवेशाला कधी जायचंय ते सांग, माझी गाडी जाईल." खातूंना त्यांनी काही सांगितलं नाही, पण खातू स्वतःच पुढे झाले आणि सगळ्यांसमोर शकुनला हात जोडले. शकुन रडायला लागली, तिची मुलगी हसायला लागली आणि अकरातले चार जण परत संडासाकडे पळाले.

गर्दी पांगली. बाबा टेबलाजवळ तसेच उभे होते.

"सुगत, याच्यातलं खरं गोडं कोनतं?"

मी पहिला ग्लास त्यांच्यापुढे केला. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि सावकाश, एकेक घोट थांबवत, सगळा संपवला. तळाशी उरलेला थेंबही त्यांनी ग्लास वाकडा करून तोंडात घेतला.

"हे तुह्या मायले पाजाचं होतं," ते म्हणाले.